‘हे’ म्हणजे एक की अनेक?
इंग्रजीत दर्शक विशेषण आणि नाम यांचा मेळ साधताना

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाच्या इंग्रजीत एक चूक वर्षानुवर्षं टिकून राहते. काळ जमू लागतात, स्पेलिंग सुधारतं, मोठे शब्दही तोंडात बसतात; पण ‘दिस पीपल’, ‘दीज इन्फर्मेशन’, ‘दीज इक्विपमेंट्स’, ‘वन ऑफ दिस स्टुडंट’ असली रूपं काही सुटत नाहीत. मुलाखतीत, अर्जात, ऑफिसच्या ई-मेलमध्ये ती नेमकी डोळ्यांत भरतात. शब्द चारच आहेत: दिस, दीज, दॅट, दोज. ते पहिली-दुसरीतच शिकवलेले असतात, आणि त्यामुळेच पुढे कोणी त्यांच्याकडे वळून बघत नाही.

या लेखात त्या चार शब्दांकडे नीट बघायचं आहे. उदाहरणं मुद्दाम एका गावाची घेतली आहेत: पनवेल तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठचं आपटा. पनवेल-रोहा मार्गावरचं स्टेशन, शेजारी रसायनी आणि पाताळगंगेचा औद्योगिक परिसर, जवळच कर्नाळ्याचं अभयारण्य. घरात आणि गावात सगळा व्यवहार मराठीत, आणि कॉलेज, कारखाना किंवा बँक आली की इंग्रजी, अशी स्थिती अशा गावांतल्या मुलांची असते. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे हे चार शब्द मुलांच्या कानावर लवकर पडतात. ते पक्के करणं मात्र घरी, रोजच्या वस्तू हाताळतानाच होऊ शकतं. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांइतकाच आईवडिलांसाठी आणि नोकरीत इंग्रजी लिहावं लागणाऱ्या प्रौढांसाठीही आहे.

मराठीत आपण काय करतो

‘हा’, ‘तो’ यांना मराठी व्याकरणात दर्शक सर्वनामं म्हणतात. ती नामाच्या आधी येऊन त्याच्याबद्दल काही सांगू लागली की विशेषणाचं काम करतात. ‘हा मुलगा’ यात ‘हा’ कोणता मुलगा ते दाखवतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली निघालं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. पण हे नियम आपण पुस्तकातून शिकत नाही. तीन वर्षांचं मूलही ते बिनचूक पाळतं:

हा मुलगा, हे मुलगे
ही मुलगी, ह्या मुली
हे मूल, ही मुलं

या सहा जोड्या सावकाश वाचा. जागा सहा आहेत आणि रूपं चारच: हा, ही, हे, ह्या. ‘हे’ दोनदा आलं आहे, एकदा ‘हे मूल’ असं एकवचनात आणि एकदा ‘हे मुलगे’ असं अनेकवचनात. ‘ही’ सुद्धा दोनदा आली आहे, ‘ही मुलगी’ एकच आणि ‘ही मुलं’ अनेक. ‘तो’च्या बाबतीतही हेच घडतं: ‘ते झाड’ एक, ‘ते आंबे’ अनेक, ‘ती नदी’ एक, ‘ती घरं’ अनेक.

पुढे विभक्ती लागली की आणखी एक गोष्ट होते. सगळी रूपं ‘या’ किंवा ‘त्या’वर येऊन थांबतात. ‘या मुलाला’ आणि ‘या मुलांना’, ‘या डब्यात’ आणि ‘या डब्यांत’, ‘त्या दिवशी’ आणि ‘त्या दिवसांत’. एक की अनेक हे आता ‘या’ सांगत नाही. पुढच्या नामाचा अनुस्वार किंवा त्याचं रूप सांगतं.

मराठी बोलताना आपला घोळ होत नाही, कारण लिंग, वचन आणि विभक्ती आपण एका दमात पकडतो. घोळ होतो तो ‘हे’ किंवा ‘ही’ला थेट इंग्रजी शब्द जोडायला गेलं की. ‘हे म्हणजे दिस’ असं पाठ केलेलं मूल ‘हे आंबे’ बघून ‘दिस मँगोज’ म्हणतं. ‘हे म्हणजे दीज’ असं मनात बसलेला माणूस ‘हे तांदूळ’ बघून ‘दीज राइस’ लिहितो. दोघांनीही मराठी शब्दाला प्रश्न विचारला. उत्तर इंग्रजी नामाकडे होतं.

इंग्रजीचे दोनच प्रश्न

इंग्रजीत लिंगाचा प्रश्न इथे येत नाही. मुलगा, मुलगी, झाड, नदी या सगळ्यांना एकच शब्द चालतो. विभक्तीही आड येत नाही. ‘इन’, ‘टू’, ‘फ्रॉम’ काहीही आधी आलं तरी रूप तेच राहतं. इंग्रजी दोनच गोष्टी विचारते: वस्तू जवळ आहे की दूर, आणि एक आहे की अनेक.

जवळचं एक: दिस
जवळचे अनेक: दीज
दूरचं एक: दॅट
दूरचे अनेक: दोज

एके काळी इंग्रजीतही हा पसारा मराठीएवढाच होता. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना तीन लिंगं होती आणि दर्शक शब्द लिंगाप्रमाणे, वचनाप्रमाणे, विभक्तीप्रमाणे बदलत. पुढे ते सगळं झिजत गेलं. आजच्या इंग्रजीत विशेषणं वचनाप्रमाणे बदलतच नाहीत. ‘गुड बॉय’ आणि ‘गुड बॉइज’ दोन्हीकडे ‘गुड’ तसाच. नामाचं वचन बघून रूप बदलणाऱ्या या दोन जोड्याच आता उरल्या आहेत. म्हणून इंग्रजी ऐकणाऱ्याचा कान इथे चटकन अडखळतो: बाकी विशेषणांत न लागणारा मेळ त्याला इथे हमखास हवा असतो.

जवळ-दूरचा भाग मराठी माणसाला सोपा जातो, कारण ‘हा’ आणि ‘तो’ यांत आपण तोच फरक करतो. आपटा स्टेशनाचं उदाहरण घेऊ. 1995 सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाचा शेवटचा, धावत्या गाडीचा प्रसंग याच फलाटावर चित्रित झाला. फलाटावर उभं राहून पाहुण्याला हे सांगायचं तर ‘दॅट सीन वॉज शॉट ॲट दिस स्टेशन’. प्रसंग भूतकाळातला, दूरचा, म्हणून ‘दॅट’. स्टेशन पायाखालचं, म्हणून ‘दिस’. एकाहून अधिक प्रसंग असते तर ‘दोज सीन्स वेअर शॉट ॲट दिस स्टेशन’. इथे तीन शब्द बरोबरीने बदलले: ‘दॅट’चं ‘दोज’, ‘सीन’चं ‘सीन्स’ आणि ‘वॉज’चं ‘वेअर’. दर्शक विशेषण, नाम आणि क्रियापद हे तिघं एकाच वचनात असले की वाक्य बरोबर.

क्रम उलटा लावा

मराठीत आपण ‘हे’ आधी म्हणतो आणि नाम नंतर. इंग्रजी वाक्यातही क्रम तोच असतो, पण मनात विचार करताना तो उलटा लावायचा. सवय होईपर्यंत चार पायऱ्यांनी जा.

1. आधी नाम इंग्रजीत आणा. ‘तांदूळ’ म्हणजे ‘राइस’, ‘कात्री’ म्हणजे ‘सिझर्स’.
2. ते इंग्रजी नाम एकवचनी आहे की अनेकवचनी ते ठरवा. त्याच्यापुढे ‘इज’ लावाल की ‘आर’, हा प्रश्न इथे कामाला येतो. मोजता न येणारं नाम एकवचनीच धरा.
3. मग जवळ की दूर ते बघून चारांपैकी एक शब्द निवडा.
4. शेवटी क्रियापद त्याच वचनात आहे ना, ते तपासा.

लिहिताना या पायऱ्यांना काही सेकंद लागतात. बोलताना सुरुवातीला अडखळायला होईल. होऊ द्या. चुकीचं सपाट्याने बोलण्यापेक्षा क्षणभर थांबून बरोबर बोललेलं बरं, कारण जे तोंडात बसतं तेच पुढे टिकतं.

मराठीत अनेक, इंग्रजीत एक

सर्वांत जास्त चुका या गटात होतात. मराठीत सरळ अनेकवचनी असलेली कितीतरी रोजची नामं इंग्रजीत मोजता येत नाहीत.

हे तांदूळ: दिस राइस
हे गहू: दिस व्हीट
हे पैसे: दिस मनी
हे केस (डोक्यावरचे): दिस हेअर
ह्या बातम्या: दिस न्यूज
हे सल्ले: दिस ॲडव्हाइस
ही उपकरणं: दिस इक्विपमेंट

‘केसां’च्या बाबतीत एक बारकावा आहे. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, एकवचनी. पण भातात दोन केस निघाले तर ते सुटे, मोजता येणारे, म्हणून ‘टू हेअर्स’ आणि ‘दीज हेअर्स’. मोजण्याचा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी शेवटचा शब्द विशेष लक्षात ठेवावा. ‘दीज इक्विपमेंट्स आर चेक्ड’ असं वाक्य नोंदवहीत सर्रास दिसतं. ‘इक्विपमेंट’ला ‘एस’ लागत नाही. ‘दिस इक्विपमेंट हॅज बीन चेक्ड’ लिहा, किंवा मोजून सांगायचं असेल तर ‘दीज मशीन्स’. ‘मशिनरी’ एकवचनी, ‘मशीन्स’ अनेकवचनी. तसंच ‘दिस फर्निचर’, पण ‘दीज चेअर्स’. ‘दिस लगेज’, पण ‘दीज बॅग्ज’. ‘दिस वर्क’, पण ‘दीज जॉब्स’. ‘दिस इन्फर्मेशन’, पण ‘दीज डीटेल्स’. या जोड्या पाठ असल्या की नेमकं हवं ते लिहिता येतं. न मोजता येणाऱ्या वस्तूचे नग सांगायचेच असतील तर ‘दीज टू पीसेस ऑफ इन्फर्मेशन’, ‘दीज थ्री बॅग्ज ऑफ राइस’ अशी रचना करा. तिथे ‘दीज’ हा ‘पीसेस’शी आणि ‘बॅग्ज’शी जुळतो; ‘राइस’ आहे तसाच राहतो.

मराठीत एक, इंग्रजीत अनेक

आता उलट बाजू. दोन सारखे भाग जोडून झालेल्या काही वस्तू मराठीत एकवचनी आणि इंग्रजीत अनेकवचनी असतात.

ही कात्री: दीज सिझर्स
ही पक्कड: दीज प्लायर्स
हा चष्मा: दीज ग्लासेस
ही पँट: दीज ट्राउझर्स

कात्री एकच असते, तरी ‘दीज सिझर्स आर ब्लंट’. वस्तू एकच आहे हे ठासून सांगायचं असेल तर ‘पेअर’ आणा: ‘दिस पेअर ऑफ सिझर्स इज ब्लंट’. आता नाम ‘पेअर’ झालं आणि ते एकवचनी, म्हणून ‘दिस’ आणि ‘इज’.

पण दोन भाग दिसले की ‘दीज’ लावायचं, असा नियम करू नका. दसऱ्याला सोनं म्हणून वाटलं जाणारं आपट्याचं पान हातात घ्या. ते मधोमध दुभंगलेलं असतं, दोन पानं जोडल्यासारखं. देठ मात्र एकच आणि पानही एकच. इंग्रजीत ते ‘दिस लीफ’. दोन भाग दिसतात म्हणून ‘दीज लीव्ज’ म्हणता येणार नाही. शेजारच्यांना वाटायला ओंजळभर पानं घेतली की ‘दीज लीव्ज’. कात्रीला अनेकवचन आणि दुभंगलेल्या पानाला एकवचन का, याचं उत्तर वस्तूच्या आकारात शोधू नये. इंग्रजी भाषेने ते नाम जसं धरलं तसं आपण धरायचं. ‘सिझर्स’सारखी नामं संख्येने थोडी आहेत, घरात वापरात असतील तेवढी आधी शिकून घ्या.

‘कपडे’ हा शब्द दोन्ही भाषांत अनेकवचनी आहे: हे कपडे, ‘दीज क्लोद्स’. ‘दिस क्लॉथ’ म्हटलं की त्याचा अर्थ कापड असा होतो, अंगावरचा सदरा किंवा साडी असा होत नाही. सदऱ्याला ‘दिस शर्ट’च म्हणा.

आदर वचनात नसतो

मराठीत आपण आदर वचनातून दाखवतो. ‘हे माझे वडील’, ‘हे आमचे सर’, ‘ते डॉक्टर आले’. माणूस एकच, पण भाषा अनेकवचनी. हा संस्कार इतका खोल असतो की वडीलधाऱ्यांची ओळख करून देताना ‘दिस’ म्हणायला जीभ कचरते आणि मुलं ‘दीज आर माय फादर’ म्हणून जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, वडील दोन आहेत की काय.

इंग्रजीत ‘दिस इज माय फादर’, ‘दिस इज अवर प्रिन्सिपल’, ‘दॅट डॉक्टर हॅज कम’. यात कमीपणा काही नाही. आदर ‘सर’, ‘मॅडम’, ‘मिस्टर’ अशा संबोधनांतून आणि बोलण्याच्या सुरातून दाखवला जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्या मुलांकडून हे वाक्य आधी पाच-सात वेळा म्हणवून घ्यावं. एकाच वेळी दोघांची ओळख करून द्यायची असेल तरच ‘दीज आर माय पेरेंट्स’.

फोनवर स्वतःची ओळख देतानाही ‘दिस’च वापरतात: ‘दिस इज’ आणि पुढे आपलं नाव.

रूप बदलत नाही तिथे

मराठीत ‘दगड’, ‘साप’, ‘बैल’, ‘दात’ अशी व्यंजनान्त पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलत नाहीत. ‘हा दगड’ आणि ‘हे दगड’. नाम जागच्या जागी राहतं, फरक फक्त ‘हा’ आणि ‘हे’ यांनी कळतो. इंग्रजीतही अशी थोडी नामं आहेत आणि तिथेही वचन सांगण्याचं काम दर्शक शब्दच करतो.

हा मासा: दिस फिश. हे मासे: दीज फिश.
ही मेंढी: दिस शीप. ह्या मेंढ्या: दीज शीप.
हे हरीण: दिस डिअर. ही हरणं: दीज डिअर.

कर्नाळ्याला पक्षी बघायला जाणाऱ्या मुलांना ‘स्पीशीज’ हा शब्द लागतो. तोही असाच आहे: एक जात असेल तर ‘दिस स्पीशीज’, अनेक जाती असतील तर ‘दीज स्पीशीज’. शेवटी ‘ज’ ऐकू येतो म्हणून तो अनेकवचनीच, असं धरू नका. ‘सीरीज’चंही तसंच.

‘न्यूज’ आणि ‘मॅथेमॅटिक्स’ या शब्दांच्या शेवटी ‘एस’ आहे, पण ते एकवचनी आहेत. ‘दिस न्यूज इज ट्रू’.

याउलट ‘पीपल’, ‘चिल्ड्रन’, ‘मेन’, ‘विमेन’, ‘फीट’, ‘टीथ’ यांच्या शेवटी ‘एस’ नाही, तरी ते अनेकवचनी आहेत. ‘दिस पीपल’ आणि ‘दिस चिल्ड्रन’ या चुका इथूनच येतात: कान ‘एस’ शोधतो, तो सापडत नाही, आणि तोंडातून ‘दिस’ निघून जातं. ‘हे लोक’ म्हणजे ‘दीज पीपल’, ‘ती मुलं’ म्हणजे ‘दोज चिल्ड्रन’. ‘चाइल्ड, चिल्ड्रन’, ‘मॅन, मेन’, ‘टूथ, टीथ’ या जोड्या दर्शक शब्दासकट पाठ कराव्या: ‘दिस चाइल्ड, दीज चिल्ड्रन’. सुटं नाम पाठ केलं तर वाक्यात ते पुन्हा चुकतं.

मध्ये शब्द आले की

दर्शक विशेषण आणि नाम शेजारी असले की मेळ सहज जमतो. मध्ये दोन-तीन शब्द आले की दोर तुटतो. ‘दिस फाइव्ह बिग रॉ मँगोज’ हे वाक्य म्हणताना ‘मँगोज’पर्यंत पोहोचेतो सुरुवात काय केली ते विसरायला होतं. इथे ‘फाइव्ह’ शब्दच सावध करतो. दोन किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की ‘दीज’ किंवा ‘दोज’: ‘दीज फाइव्ह बिग रॉ मँगोज’, ‘दोज टू ओल्ड हाउसेस’.

‘काइंड’ आणि ‘टाइप’ हे शब्द आले की ‘दिस’ त्यांच्याशी जुळवायचा, पुढच्या नामाशी नाही. एक जात असेल तर ‘दिस काइंड ऑफ मँगो’, अनेक जाती असतील तर ‘दीज काइंड्स ऑफ मँगोज’. ‘दीज काइंड ऑफ’ असं बोलण्यात ऐकू येतं, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याकडूनही. परीक्षेत आणि लेखी व्यवहारात ते टाळा.

‘यांपैकी एक’ ही आणखी एक अडचणीची जागा. मनात ‘एक’ असतो म्हणून ‘वन ऑफ दिस स्टुडंट’ असं लिहिलं जातं. पण तो एक अनेकांतला आहे, म्हणून ‘वन ऑफ दीज स्टुडंट्स’. क्रियापद मात्र त्या एकाचं: ‘वन ऑफ दीज स्टुडंट्स इज फ्रॉम आपटा’. ‘ईच ऑफ दीज’ असेल तेव्हाही असंच.

दर्शक विशेषणाच्या लगेच पुढे ‘माय’, ‘युवर’, ‘द’ येत नाहीत. ‘हे माझं पुस्तक फाटलं’ याचं ‘दिस माय बुक’ होत नाही. ‘दिस बुक ऑफ माइन इज टॉर्न’ असं म्हणावं लागतं. ‘हे माझं पुस्तक आहे’ असं पूर्ण विधान असेल तर ‘दिस इज माय बुक’ बरोबरच आहे, कारण तिथे मध्ये ‘इज’ आला आणि ‘दिस’ सुटा झाला.

उच्चार आणि स्पेलिंग

काही वेळा माणसाला नियम ठाऊक असतो, पण बोलताना ‘दिस’ आणि ‘दीज’ इतके जवळ येतात की ऐकणाऱ्याला चूकच वाटते. दोन फरक सांभाळा. ‘दिस’मधला ‘दि’ ऱ्हस्व आणि शेवटी स्वच्छ ‘स’. ‘दीज’मधला ‘दी’ दीर्घ आणि शेवटी ‘रोज’ शब्दातल्यासारखा मऊ ‘ज’. दोन्ही शब्द लागोपाठ म्हणून बघा, घशावर बोट ठेवून: ‘दीज’च्या शेवटी कंप जाणवेल, ‘दिस’च्या शेवटी जाणवणार नाही.

स्पेलिंगमध्ये ‘दिस’ टी-एच-आय-एस, ‘दीज’ टी-एच-ई-एस-ई. ‘दॅट’ टी-एच-ए-टी, ‘दोज’ टी-एच-ओ-एस-ई. अनेकवचनाच्या दोन्ही शब्दांच्या शेवटी एस-ई आहे, एवढी खूण पुरते.

घरी सराव कसा घ्यावा

वहीतल्या गाळलेल्या जागा भरून ही सवय लागत नाही. वस्तू समोर हवी. स्वयंपाकघरात मुलाला एक चमचा दाखवा, मग चार: ‘दिस स्पून’, ‘दीज स्पून्स’. मग तांदळाचा डबा उघडा आणि तिथे ‘दिस राइस’ येतं का ते बघा. कपाटातली कात्री काढा. खिडकीतून दूरची झाडं दाखवा. पनवेल-आपटा भागातून जाताना कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका लक्ष वेधतो. तो ‘दॅट पिनॅकल’ आणि आजूबाजूचे डोंगर ‘दोज हिल्स’. स्टेशनवर गाडीची वाट बघताना दहा मिनिटांत वीस-तीस जोड्या सहज होतात.

दोन गोष्टी पाळा. पहिली, प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य म्हणायला लावा. ‘दीज स्पून्स’वर थांबू नका, ‘दीज स्पून्स आर क्लीन’पर्यंत जा. दुसरी, प्रश्नोत्तरं करा. ‘व्हॉट इज दिस?’ याचं उत्तर ‘इट इज’ने सुरू होतं, ‘व्हॉट आर दीज?’ याचं ‘दे आर’ने. प्रश्नातलं वचन उत्तरात टिकलं की मेळ पक्का झाला असं समजा. मूल चुकलं तर टोकू नका. बरोबर वाक्य आपण एकदा म्हणा आणि त्याला पुन्हा म्हणू द्या.

मोठ्यांनी आपलं लेखन पाठवण्याआधी एकदा फक्त या चार शब्दांसाठी वाचावं. प्रत्येक ‘दिस’, ‘दीज’, ‘दॅट’, ‘दोज’पाशी थांबून त्याचं नाम शोधावं आणि क्रियापद बघावं. अर्ज एका पानाचा असेल तर या कामाला मिनिटभर पुरतं.

करून बघा

पुढची वाक्यं इंग्रजीत आणा. उत्तरं खाली आहेत, पण आधी स्वतः लिहून काढा.

1. ही नदी स्वच्छ आहे.
2. ही झाडं जुनी आहेत.
3. त्या टेकड्या बघा.
4. हे तांदूळ नवे आहेत.
5. ही कात्री बोथट आहे.
6. हे माझे आजोबा.
7. या डब्यांत शेंगदाणे आहेत.
8. त्या दिवसांत गाड्या कमी होत्या.
9. ते पैसे माझे आहेत.
10. ही माहिती बरोबर आहे का?
11. या पानांपैकी एक मला दे.
12. हे लोक गाडीची वाट बघत आहेत.

उत्तरं:

1. दिस रिव्हर इज क्लीन.
2. दीज ट्रीज आर ओल्ड.
3. लुक ॲट दोज हिल्स.
4. दिस राइस इज न्यू.
5. दीज सिझर्स आर ब्लंट.
6. दिस इज माय ग्रँडफादर.
7. देअर आर ग्राउंडनट्स इन दीज टिन्स.
8. देअर वेअर फ्यूअर ट्रेन्स इन दोज डेज.
9. दॅट मनी इज माइन.
10. इज दिस इन्फर्मेशन करेक्ट?
11. गिव्ह मी वन ऑफ दीज लीव्ज.
12. दीज पीपल आर वेटिंग फॉर द ट्रेन.

पहिल्या दोन वाक्यांत मराठीत ‘ही’च आहे, पण इंग्रजीत एकदा ‘दिस’ आणि एकदा ‘दीज’ आलं. चौथ्या, सहाव्या आणि बाराव्यात ‘हे’च आहे, आणि तिथेही उत्तरं वेगळी निघाली. ज्यांची ही पाच वाक्यं बरोबर आली, त्यांनी मराठी ‘हे’ आणि ‘ही’ बाजूला ठेवून इंग्रजी नामाकडे बघितलं. ज्यांची चुकली, त्यांनी चारही पायऱ्या हळूहळू म्हणत तीच वाक्यं उद्या पुन्हा लिहावी, आणि मग आपल्या घरातल्या, आपल्या कामातल्या नामांची अशीच बारा वाक्यं स्वतः तयार करावी. मराठी बोलणारा माणूस लिंग, वचन आणि विभक्ती असा तिहेरी मेळ लहानपणापासून चुकू न देता सांभाळत आला आहे. इंग्रजी त्याच्याकडे फक्त वचनाचा मेळ मागते. तेवढा त्याला नक्कीच जमेल. फक्त विचारायचं ते इंग्रजी नामाला विचारा.